जुन्या उभ्या स्पीकरचा बेस: मागची पाटी वाचण्यापासून पाइप कापण्यापर्यंत

कमरेएवढ्या उंचीची जोडी दोघांनी धरून जिन्यावरून वर येते. जाळीवरची धूळ झटकली जाते, अँप्लिफायरला तारा लागतात, आवडीचं गाणं सुरू होतं आणि पाचव्या मिनिटाला घरातलं कुणीतरी विचारतं, "एवढं मोठं धूड, आणि बेस कुठाय?"

आमच्याकडे हे बायकोने विचारलं होतं. सत्तरच्या दशकातली जोडी, बारा इंची वूफर (खर्ज काढणारा मोठा स्पीकर), बंद पेटी. मी तत्काळ निदान करून टाकलं की वूफर म्हातारे झालेत. गाडीत बसवतात तसले दोन सबवूफर आणले. ते बसवायला जुने काढले तेव्हा दिसलं, की डाव्या पेटीत आधीच्या कुणी तरी वूफरच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक वूफर पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज खाऊन टाकायचे. तारा सुलट केल्या आणि बेस आला. नवे सबवूफर अजून माळ्यावर आहेत.

त्या दिवसापासून मी कामाचा क्रम हत्यारांवरून ठरवतो. हात आणि कान लागतात ती कामं पहिली, मग गोंदाची, मग सोल्डरिंगची, आणि करवतीची सगळ्यांत शेवटी. नव्याने या नादाला लागणाऱ्यांनी याच क्रमाने जावं. निम्मे लोक करवतीपर्यंत पोचणारच नाहीत आणि तेच बरं.

घेतानाच

पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो, की परदेशातून परतलेल्या कुणाची बैठकीची खोली रिकामी होत असो, तिथे स्पीकर वाजवून बघायची सोय असेलच असं नाही. "चालू आहे साहेब" एवढंच आश्वासन मिळतं. तेव्हा खिशात तीन वस्तू ठेवा: उजेडाची बॅटरी, मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा एक सेल.

मल्टिमीटर ओहमवर लावून मागच्या दोन टर्मिनलना टेकवा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. पाटीवरचा आकडा हा गाण्याबरोबर उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणाऱ्या एकूण विरोधाचा असतो आणि मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो, म्हणून तो नेहमी कमीच येतो. काहीच दाखवलं नाही तर वूफरची कॉइल तुटलेली असेल, किंवा काही जुन्या पेट्यांत फ्यूज असतो तो उडालेला असेल. दुसरी शक्यता खरी ठरली तर तुम्हाला लॉटरी लागली.

सेलची तार टर्मिनलना क्षणभर टेकवा. वूफर टक् करून हलला पाहिजे. धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन, म्हणजे वूफरचा हलणारा शंकूसारखा पडदा, बाहेर आला तर सुलट. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे: जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन लावलं की कोन आत जातो. कंपनीची रीतच तशी होती. त्यामुळे अशा स्पीकरला बिघाड समजू नका. दोन्ही पेट्या सारख्याच वागतात ना, एवढं बघा. आणि हा निकष फक्त वूफरला लावायचा. मधला स्पीकर किंवा ट्विटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) मुद्दाम उलट जोडलेला असू शकतो, तो क्रॉसओव्हरच्या, म्हणजे कुठले सूर कुठल्या स्पीकरला जायचे ते वाटून देणाऱ्या सर्किटच्या, आखणीचाच भाग असतो. तो "दुरुस्त" करून आवाज बिघडवलेले लोक मी पाहिलेत.

मग जाळी काढून दोन्ही हातांची बोटं कोनावर सारख्या अंतराने ठेवा आणि हलकेच आत दाबा. खरखर आली तर कॉइल मॅग्नेटला घासतेय. कडेचा फोम बोटाने चाचपा. चुरा झाला किंवा बोटाला डांबरासारखं चिकट लागलं तर फोम गेला. हे दिसल्यावर पळून जायची गरज नाही. भाव पाडून मागा, कारण फोम बदलता येतो. कॉइल घासत असेल तर मात्र मी सोडून देतो. बॅटरीने पाइपात आणि पेटीच्या तळाशीही बघा. भुसा दिसला तर वाळवी. एका पेटीच्या पाइपात मला उंदराचं घरटं सापडलं होतं, आतल्या कापसाच्या अस्तराचंच बनवलेलं.

पाटीवरचे आकडे

मागच्या पाटीवर किंवा जुन्या माहितीपत्रकात चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कंपनसंख्येची व्याप्ती, संवेदनशीलता, ओहम आणि वॅट. यातली वॅट लोक सगळ्यांत आधी वाचतात आणि तीच सगळ्यांत कमी कामाची. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजार-हजार वॅट छापलेले असायचे, तेव्हापासून आपला वॅटवरचा विश्वास उडायला हवा होता. पाटीवरचा वॅटचा आकडा स्पीकर किती सोसेल ते सांगतो. तो किती वाजेल, हे सांगते संवेदनशीलता.

संवेदनशीलता म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ८६ आणि ८९ यांत फरक तीनचा दिसतो, पण तो भरून काढायला अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. यात एक खोच आहे. काही कंपन्या एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला ते दोन्ही एकच, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, आणि आकडा फुकटात तीन डेसिबलने फुगतो.

व्याप्तीचा आकडा नुसता "३० ते २०,००० हर्ट्झ" असा असेल तर तो सोडून द्या. ३० हर्ट्झला आवाज किती खाली आला होता, तीन डेसिबल की दहा, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. सरळ आकडे वाचायचे असतील तर १९७८ चा अकूस्टिक रिसर्च (एआर) कंपनीचा एआर-९ घ्या. चार-वे (सूर चार भागांत वाटलेले), बंद पेटी, तळाशी दोन्ही बाजूंना तोंड केलेले दोन बारा इंची वूफर, ४ ओहम, आणि २८ हर्ट्झला तीन डेसिबल खाली. यावरून लगेच समजतं की खर्ज खोल आहे, पण दणकट, ४ ओहमला न घाबरणारा अँप्लिफायर लागेल. एकेका पेटीचं वजन साठ किलोच्या आसपास आहे, हे जिना चढताना समजतं.

आता, आपल्याला किती खोल खर्ज हवा? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ वर. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी साडेसत्तावीसवर. म्हणजे भजन, नाट्यसंगीत, ख्याल ऐकणाऱ्याला ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर भरपूर झाला. त्याखालचे हर्ट्झ सिनेमातल्या स्फोटांसाठी, चर्चच्या ऑर्गनसाठी आणि मित्रांना दाखवण्यासाठी. माझे ऐंशी टक्के ऐकणे कंठसंगीत असूनही मी त्याखालच्या हर्ट्झमागे बरीच वर्षं धावलो, हे कबूल करतो.

पेटी कोणत्या जातीची आहे ते याच टप्प्यावर ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. भोक नाही ती बंद पेटी. अकूस्टिक रिसर्चच्याच एडगर विल्चरने १९५४ मध्ये एआर-१ काढला तेव्हा त्याची युक्ती हीच होती: वूफरची स्प्रिंग ढिली ठेवायची आणि पेटीतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग करायचं. बंद पेटीचा बेस हळूहळू उतरतो, एका सप्तकाला १२ डेसिबल. भोक किंवा पाइप असलेली पेटी जास्त वेळ टिकून राहते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी पडते, सप्तकाला २४ डेसिबल. तिसरी जात म्हणजे पाइपाऐवजी मॅग्नेट नसलेला एक मुका कोन. सेलेस्टियनच्या डिटन ६६ मध्ये असा बारा इंची मुका कोन आहे. नवशिके त्याला तार जोडायला टर्मिनल शोधत बसतात.

पाइपाच्या पेटीबद्दल सालाचाही उपयोग होतो. वूफर आणि पेटीचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थीलने १९६१ मध्ये मांडलं, पण जगभर पोचलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, रिचर्ड स्मॉलच्या लेखांबरोबर. त्याआधीच्या बऱ्याच पेट्यांचा पाइप कानाने आणि अंदाजाने कापलेला असायचा. अशा पेटीत सुधारणेला वाव असतो. ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या कंपनीच्या पेटीचा पाइप मी हातात फुटपट्टी घेऊन बदलायला जाणार नाही.

हात आणि कान

पहिली चाचणी तारांची. दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून ठेवा. अँप्लिफायर मोनोवर (दोन्हीकडे एकच आवाज), गाणं भरपूर ठोक्याचं. थोडं ऐका, मग अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या मागच्या दोन तारा आपसांत बदला आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस जास्त, ती बरोबर. फरक इतका ढळढळीत असतो की शंका उरत नाही.

दुसरी गोष्ट जागा. भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो आणि घुमायला लागतो. पण मधल्या अंतरात एक सापळा आहे. स्पीकरपासून मागची भिंत बरोबर एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परत येणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो. डग्ग्याचा घुमारा नेमका याच भागात असतो. म्हणून "स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा" हा सल्ला ऐकून एक मीटर ओढणाऱ्याचा डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. एकेक वीत सरकवत, तोच तबल्याचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत जागा ठरवा. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनचं अंतर मागच्या भिंतीइतकंच ठेवू नका, नाहीतर एकाच सुराला दुहेरी मार बसतो.

तुम्ही बसता ती जागाही हलवून बघा. दहा बाय बाराच्या खोलीत लांबीकडून ४७ आणि रुंदीकडून ५६ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. त्या सुराला खोलीच्या बरोबर मध्यावर खर्ज गायब आणि भिंतीला टेकलं की दुप्पट. सोफा दीड फूट मागेपुढे केल्याने जे बदलतं ते हजारो रुपयांच्या तारांनी बदलत नाही. इथे आपल्या घरांची एक जमेची बाजूही आहे. वीट आणि काँक्रीटच्या भिंती खर्ज कोंडून धरतात, अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या पातळ भिंती तो बाहेर जाऊ देतात. तिकडच्या घरांचा अंदाज घेऊन बनलेला स्पीकर आपल्याकडे उलट जास्तच घुमू शकतो. तसं असेल तर तुम्हाला बेस वाढवायचा नसून आवरायचा आहे. गोधड्यांनी भरलेलं कपाट, जाड गादीचा दिवाण आणि पुस्तकांची मांडणी कोपऱ्याजवळ आणा.

हळू आवाजात ऐकत असाल तर अँप्लिफायरवरचं "लाउडनेस" बटण दाबायला लाजू नका. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. ते बटण त्यासाठीच आहे. शुद्धतावादी नाक मुरडतील. रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरचे काका नाक मुरडण्यापेक्षा ते बरं.

तारेचं थोडक्यात: इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. पाच मीटर जायला-यायला मिळून तिचा विरोध ०.०८ ओहमपेक्षा कमी भरतो. विषय संपला.

गोंद

बंद पेटीची गळती तपासायला वूफर हलकेच आत दाबून सोडा. पेटी घट्ट असेल तर कोन थोडा रेंगाळत, हवा पिळल्यासारखा परत येतो. झटकन उसळला तर कुठून तरी हवा निसटतेय. वूफर आणि लाकूड यांमधलं जुनं पॅकिंग, टर्मिनलची पाटी आणि मागच्या सांध्यातल्या फटी ही तीन ठिकाणं बघा. खिडकीला लावायची फोमची चिकटपट्टी वूफरखाली लावा, टर्मिनलभोवती थोडं सिलिकॉन. सिलिकॉन लावलं तर वूफर बसवण्याआधी दोन दिवस पेटी उघडी ठेवा, त्याची आंबट वाफ धातूला चांगली नसते.

वूफर काढलाच आहे तर बसवताना अर्धा फेरा फिरवून बसवा. चाळीस वर्षं उभं राहून जड कोन खाली झुकलेला असतो. उलटा केला की पुढची वर्षं तो परत सरळ होण्यात घालवेल.

आता फोम. त्या काळच्या फोमचं आयुष्य दहा ते वीस वर्षं, आणि दमट हवेत तो आणखी लवकर कुजतो. मुंबई, कोकण, गोव्यातून आलेली जोडी असेल तर फोम गेलेलाच धरून चला. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कड असेल तर तुम्ही सुटलात. त्यांना हात लावू नका आणि त्यावर कुठलंही तेल, पॉलिश, ग्लिसरीन चोपडू नका.

फोम मागवताना "बारा इंची" म्हणून मागवू नका, तीन मापं घ्या: कोनाचा बाहेरचा व्यास, कडेच्या घडीची रुंदी आणि लोखंडी चौकटीचा आतला-बाहेरचा व्यास. मग एक सुट्टीचा दिवस मोकळा ठेवा. जुना फोम हाताने ओरबाडा, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून लाकडी चमच्याच्या कडेने खरवडा. कागदी कोन ओला करू नका. कापूस फिरवायचा, चोळायचं नाही. या कामाला मला एका वूफरला दीड तास लागतो आणि त्यात गप्पा मारायच्या नसतात.

मग फोम आधी फक्त कोनाला चिकटवा. स्पीकरसाठी मिळणारा पांढरा गोंद वापरा. झटपट चिकटणारा नको, कारण सरकवायला वेळ हवा असतो. सगळीकडे बोटाने दाबत फिरा आणि एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी चौकटीची बाजू. खरी कसोटी इथे असते, कारण कोन केसभर जरी बाजूला बसला तरी कॉइल घासणार. वूफर अँप्लिफायरला जोडा, मोबाइलवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हलका सोडा, म्हणजे कोन सावकाश आत-बाहेर हलत राहील. गोंद ओला असताना कान लावून ऐका. कुठे खरखर आली तर कोन विरुद्ध दिशेला किंचित ढकला, ती थांबेपर्यंत. थांबली की कडेभोवती कपडे वाळत घालायचे चिमटे लावून टाका. माझ्या पहिल्या वूफरला मी हा सूर लावला नव्हता, नजरेने मध्य काढला होता. चोवीस तासांनी तो असा खरवडत होता जणू कुणी आतून नारळ खवतंय. सगळं परत सोलावं लागलं.

पेटीतलं अस्तर बदलायचं असेल तर कापूस नको, तो ओल धरतो आणि तळाला गोळा होतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर तंतू आणा. बंद पेटीत तो पिंजून, लिटरला आठ ते सोळा ग्रॅम या हिशेबाने सैल भरला की वूफरला पेटी प्रत्यक्षापेक्षा मोठी भासते. पन्नास लिटरला चारशे ग्रॅमपासून सुरुवात करा आणि शंभर-शंभर ग्रॅमने वाढवत ऐका. एका मर्यादेनंतर बेस मेलेला वाटायला लागतो, तिथून एक मूठ काढा. पाइपाच्या पेटीत मात्र फक्त भिंतींना अस्तर, पाइपासमोरची जागा मोकळी. पेटीतून पिवळी काचलोकर निघाली तर हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. जिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो तिथे दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाकडाची दीड इंची पट्टी घट्ट बसवून फेविकॉलने चिकटवा. एक पट्टी उंचीच्या बरोबर मध्यावर न ठेवता थोडी वरखाली ठेवा. खाली टोकदार खिळ्याचे पाय लावायचे तर फरशी फुटू नये म्हणून कडप्प्याचा तुकडा घाला. स्वयंपाकघराचा ओटा करणाऱ्याकडे असे तुकडे पडलेले असतात.

सोल्डरिंग

क्रॉसओव्हरवरच्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची किंमत चाळीस वर्षांत सरकते आणि आतला विरोध वाढतो. याचा परिणाम मुख्यतः मधल्या आणि वरच्या सुरांवर होतो, पण काही तीन-वे पेट्यांत वूफरला समांतर एक मोठा कंडेन्सर असतो. तो बिघडला की वूफर वरच्या सुरांतही बडबडतो आणि बेस गढूळ वाटतो. जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा आहे तोच नवा घ्या, शंभर व्होल्टचा, आणि दुकानात स्पष्ट सांगा: नॉन-पोलर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. धन-ऋण खूण असलेला साधा कंडेन्सर इथे लावला तर तो तापतो आणि फुटूही शकतो. नेमका आकडा नाही मिळाला तर दोन समांतर जोडून बेरीज करा.

फिल्मचे महागडे कंडेन्सर लावायचा मोह होईल. वूफरच्या भागात त्यांचा फायदा मला कधी ऐकू आला नाही. ट्विटरच्या भागात ठीक, पण आतला विरोध कमी असल्यामुळे ट्विटर किंचित तिखट होतो. तांब्याच्या गुंडाळ्यांना हात लावू नका. काढण्याआधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी.

करवत

इथवर आलात आणि अजून समाधान नसेल, तर एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच म्हणजे हॉफमन. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज यांपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. वूफर बदला, पाइप बदला, तिसरी गोष्ट पाठीमागच्या दाराने निघून जाणार.

पाइपाचं उदाहरण. पन्नास लिटरची पेटी, आतून ७५ मिलिमीटर व्यासाचा पाइप, लांबी १५ सेंटीमीटर. हिचा सूर, म्हणजे पाइपातली हवा जिथे घुमते ती कंपनसंख्या, साधारण ३६ हर्ट्झवर येतो. पाइप २० सेंटीमीटर केला तर ३२ वर. चार हर्ट्झ खाली गेलात, पण त्याच्या वरच्या भागात आवाज थोडा पडला, आणि ठोक्यातला दणका कमी झाला. नवा पाइप प्लंबिंगच्या दुकानातून आणा, मात्र तिथला ७५ चा पीव्हीसी पाइप बाहेरून ७५ असतो, आतला व्यास स्वतः मोजा. मूळ पाइप न कापता वेगळा तुकडा करून टेपने बसवून आठवडाभर ऐका. पाइपाचं आतलं तोंड मागच्या भिंतीपासून निदान एका व्यासाइतकं लांब हवं.

पाइपाच्या पेटीला तिच्या सुराखाली बेसचं बटण फिरवून ढकलू नका. तिथे हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट धावतो. रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी तर सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारी अगदी खालची कंपनं अडवणारा) लावावाच. तबकडीच्या वाकडेपणाने वूफर जोरजोरात हलताना दिसतात ना, तेच ते. बंद पेटीला थोडी मुभा आहे, तरी हिशेब ध्यानात ठेवा: सहा डेसिबल वाढवायला चौपट वॅट लागतात, आणि एक सप्तक खाली तोच आवाज हवा असेल तर कोनाला चौपट लांब हलावं लागतं.

वूफरच बदलायचा झाला तर इंचांवर जाऊ नका. जुन्या वूफरचा अनुनाद, म्हणजे ज्या सुराला तो आपणहून डोलतो तो आकडा, तरी मोजा. वूफर पेटीबाहेर काढून टेकूवर ठेवा, एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा, अँप्लिफायरमधून मोबाइलचा सूर २० हर्ट्झपासून वर न्या आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज बघत राहा. जिथे काटा सगळ्यांत वर जातो, तो त्याचा अनुनाद. नव्या वूफरच्या कागदावरचा हा आकडा, त्याचा एकूण क्यू (तो डोलणं किती आवरून धरतो त्याचा आकडा) आणि संवेदनशीलता जुन्याच्या जवळ असेल तरच घ्या. माझ्या माळ्यावरचे गाडीचे सबवूफर नेमके इथे नापास झाले असते: जड कोन, कमी संवेदनशीलता, ४ ओहम. ते लावले असते तर मधला स्पीकर आणि ट्विटर ओरडत राहिले असते आणि वूफर त्यांच्या मागे धापा टाकत आला असता.

खरोखरच ४० हर्ट्झच्या खालचं हवं असेल तर पेटीला न छेडता वेगळा, स्वतःचा अँप्लिफायर असलेला सबवूफर घ्या, ज्याला स्पीकरच्याच तारा जोडता येतात असा. त्याला ५० ते ६० हर्ट्झच्या खालचेच सूर जातील असं त्याचं बटण लावा. आवाज इतका कमी ठेवा की बंद केल्यावरच तो होता हे कळावं.

काढलेला प्रत्येक जुना भाग, कंडेन्सर, पाइपाचा तुकडा, मूळ स्क्रूसुद्धा, एका डब्यात घालून पेटीजवळ ठेवा. आणि आतल्या बाजूला, वूफरच्या मॅग्नेटवर, मार्करने लिहा काय बदललं, कुठल्या महिन्यात, आणि तारा कुठल्या रंगाच्या कुठे. माझ्या डाव्या पेटीत तसं कुणी लिहिलेलं असतं तर.